मिरजेचा भोपळा

मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत जरूर डोकावा. लेकीसाठी सतार घ्यायला मी तिथे गेलो, तर दुकानात भोपळेच टांगलेले! पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांनी पिकवलेले. हा भोपळा कडू, खायचा नव्हे. पुरता पिकवून वाळवायचा, आतला गर-बिया काढायच्या, मग त्याला लाकडी दांडी जोडायची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीपण शिका की!" चोपन्नाव्या वर्षी बसलो. तिची बोटे पडद्यांवर धावतात, माझी तारेने सोलवटतात. चुकलो की ती रागावत नाही. सतार घेते, वाजवून दाखवते आणि पुन्हा माझ्या हाती देते.

मंडळी, तीस वर्षे मी तुमच्या बांधावर उभा राहून "असे पेरा, तसे फवारा" सांगत आलो. कुणाला चटकन जमले नाही की चिडतही असे. पिकल्या वयात नवे शिकणे किती जड, ते आता कळले. यंदा रब्बीच्या प्रात्यक्षिकाला बोलेन कमी, पाभर स्वतः धरेन. चुकलो तर सांभाळून घ्या.