क्ष उडाला!

आमच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. एवढा अवजड रथ, पण चाकाखाली लाकडी मोगरी सरकवली की मुकाट्यानं थांबतो. माझ्या गणिताला अशी मोगरी कुणी लावू शकत नाही. सुटलो की सुटलो!

परवा नात वही घेऊन आली. "आजोबा, याला सोपं रूप द्या." वर क्षचा वर्ग अधिक ३ क्ष, खाली नुसता क्ष. हात्तिच्या! वर्गातला एक क्ष आणि खालचा क्ष, दोघांना एका फटक्यात उडवलं. राहिले क्ष अधिक ३ क्ष. उत्तर, ४ क्ष. खाली ऐटीत दोन रेघा ओढल्या आणि शेंगा फोडत बसलेल्या सौ.कडे एक विजयी कटाक्ष टाकला.

वही तपासून आली तेव्हा माझ्या दोन रेघांवर तिसरी रेघ होती. लाल, तिरकी. त्याचं मला काही नाही, अशा रेघांत माझं बालपण गेलं. पण सूनबाई म्हणाल्या, "उद्यापासून क्लासच लावून टाकू. सात ते आठ." आता, नात माझ्याजवळ बसते ती नेमकी सात ते आठ! बाकी दिवसभर ती कुणाचीच नसते.

मी शरण गेलो. म्हटलं, "बाई, तूच शिकव."

"क्षला २ धरा. वर ४ आणि ६, झाले १०. खाली २. उत्तर ५. तुमच्या ४ क्षचे किती?"

"आठ," मी पुटपुटलो.

मग कळलं. छेद म्हणजे सामाईक घरावरचं कर्ज, दोन्ही भावांचं. मी एकाचंच फेडून कागद फाडला होता. आधी क्ष सामाईक बाहेर काढायचा, मग उडवायचा. राहतात क्ष अधिक ३.

पुढचं सोपं होतं. क्षचा पाचवा घात भागिले दुसरा घात. घातांकांची वजाबाकी, तिसरा घात. नंतर आला पाचवा भागिले पाचवा. पाचातून पाच गेले, सगळंच उडालं. मी शून्य लिहिलं.

"पाच शेंगा पाच जणांत वाटल्या तर?" नातीनं विचारलं.

"एकेक," सौ. मान वर न करता म्हणाल्या. त्या कधी बीजगणित शिकलेल्या नाहीत.

"फक्त क्ष शून्य नको," नातीनं बजावलं. खाली शून्य आलं की भागाकाराला अर्थच उरत नाही.

आता सूनबाईंची समजूत घालायची होती. त्यांना सांगितलं, आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला, इ. स. १२०७ चा शिलालेख आहे तसा. आजोबांचं गणित नातवंडांनी चालवायची रीत इथे आठशे वर्षांची आहे!

"त्या आजोबांना गणित येत होतं," सूनबाई म्हणाल्या. पण क्लासचं सहामाहीपर्यंत लांबणीवर पडलं.

हल्ली सातच्या ठोक्याला मीच वही घेऊन बसतो. काल मला दहापैकी सहा मिळाले.