लॅमिंग्टन रस्त्यावर : संगणक तयार घ्यावा कीं जुळवावा?

मुंबईस हवापालटासाठीं किंवा देवदर्शनासाठीं जाणारा गृहस्थ महालक्ष्मी, गेटवे, राणीचा बाग आणि चौपाटी एवढें पाहून समाधानानें परततो. परंतु ज्या मुंबईनें गेल्या पिढींत आमच्या घरोघरीं नवीं यंत्रें नेऊन बसविलीं, ती मुंबई त्याच्या वाटेंत येतच नाहीं. ती पाहावयाची असेल तर पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे थोडें चालावें, म्हणजे लॅमिंग्टन रोड लागतो. सन १९०३ ते १९०७ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्या नांवाचा हा रस्ता आज सरकारी दप्तरीं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून ओळखला जातो. पण व्यापाऱ्यांच्या व गिऱ्हाइकांच्या तोंडीं जुनेंच नांव बसलेलें आहे. रविवारीं येथील बहुतेक दुकानें बंद असतात, म्हणून जाणारानें आठवड्यांतील दुसरा दिवस निवडावा हें आधींच सांगून ठेवतों.

आम्ही पुण्याहून सकाळच्या दख्खनच्या राणीनें निघालों. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली ही गाडी अजूनही पुणेकरांच्या मुंबई-कामांची विश्वासू वाहक आहे. दादरास उतरून लोकल गाडी धरली आणि दुकानें उघडण्याच्या सुमारास आम्ही रस्त्यावर हजर झालों. बरोबर आमचे वडील बंधु, सौ. वहिनी आणि त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचा पुतण्या, अशी मंडळी होती. चौघांनीं मिळून एक संगणक घ्यावयास इतक्या लांब जावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. आंतरजालावरून घरबसल्या वाटेल तो संगणक मागवितां येतो. परंतु प्रश्न नुसत्या खरेदीचा नव्हता. तो पैशाचा, शिक्षणाचा आणि घरांतील दोन पिढ्यांच्या मतभेदाचा होता.

आमच्या घरचा जुना संगणक २०१६ सालीं तयार घेतलेला. त्याचा प्रोसेसर जुन्या पिढीचा, म्हणून विंडोज-११ त्यास चालत नाहीं. आणि विंडोज-१० चा नेहमींचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्यांतच गेल्या पावसाळ्यांत त्याचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला. तो बदलावयास गेलों तेव्हां कळलें कीं, त्या कंपनीनें डब्याचा आकार व तारांचीं टोकें स्वतःच्या सोयीनें वेगळीं ठेवलेलीं आहेत. बाजारांतील सर्वसाधारण डबा त्यांत बसतच नाहीं. एका लहान भागापायीं सबंध यंत्र अडगळींत गेलें. पुतण्या वास्तुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षास आहे. त्रिमिति नकाशे काढण्यास त्यास सशक्त यंत्राची नड. बंधूंच्या निवृत्तिवेतनांतून व आमच्या शिलकेंतून रक्कम बाजूस काढली, पण ती एकाच यंत्रापुरती. बंधु बँकेंत आयुष्य घालविलेले, त्यांचें म्हणणें, "ज्याच्यावर एका कंपनीचें नांव आहे तेंच घ्यावें, बिघडलें तर एकालाच जबाबदार धरतां येतें." पुतण्याचें म्हणणें, "दादा, त्या एकानेंच आपल्याला अडवून ठेवलें ना? भाग निवडून घेऊं आणि घरीं जुळवूं." दोन्ही बाजूंस तथ्य होतें, आणि म्हणूनच निकाल लागेना.

आतां रस्त्याविषयीं. दक्षिणेस ऑपेरा हाऊसचा चौक आणि उत्तरेस मुंबई सेंट्रलची बाजू, यांच्या दरम्यान हा मार्ग पसरलेला आहे. एके काळीं याची कीर्ति चित्रपटगृहांमुळें होती. येथल्या मिनर्व्हा चित्रगृहांत १९७५ सालीं लागलेला 'शोले' पांच वर्षें चालला. नाझच्या इमारतींत चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्या गजबजलेल्या असत. आतां मिनर्व्हा नाहीं. रेडिओचे दिवे, ट्रान्झिस्टर आणि दूरचित्रवाणीचे सुटे भाग विकणाऱ्या पेढ्यांनीं जी परंपरा घातली, तिच्याच पोटीं संगणकाचा बाजार जन्मास आला. जुन्या इमारतींचे लांकडी जिने, त्यांवर तारांचीं जाळीं, खालीं हातभर रुंदीचीं दुकानें. पदपथावर तारा, रिमोट, बॅटऱ्या आणि चार्जर यांचे ढीग. एका गाळ्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं, शेजारच्यांत हजारों रुपयांचे प्रोसेसर तळहाताएवढ्या पेट्यांतून मांडलेले. मालक बहुधा गुजराती, सिंधी किंवा मारवाडी. गल्ल्यापुढें उभा राहून भाग समजावून देणारीं मुलें मात्र पुष्कळ वेळां आपल्या कोंकणांतलीं किंवा घाटावरचीं. आमचें बोलणें ऐकतांच एकानें हिंदी सोडून मराठी धरली, तेव्हां वहिनींस हायसें वाटलें.

मुळांत संगणक घरीं जुळवितां येतो तरी कां, हें जाणणें उपयोगाचें आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत निघालेला आल्टेअर ८८०० हा लहान संगणक सुट्या भागांचा संच म्हणूनही मिळे आणि अधिक किंमत देऊन जोडलेलाही मिळे. म्हणजे आमच्या घरांतला वाद यंत्राच्या जन्माइतकाच जुना! पुढें १९८१ सालीं आयबीएमनें आपला संगणक काढला तो बव्हंशीं बाहेरच्या भागांचा. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्यामुळें इतरांसही तसेंच यंत्र रचतां आलें आणि भागांचीं मापें हळूहळू सर्वत्र एक झालीं. आज तैवानांतल्या कंपनीची पाटी, कोरियांतली स्मृतिपट्टी आणि अमेरिकन कंपनीचा प्रोसेसर एका पेटींत गुण्यागोविंदानें नांदतात, तें या समान मापांमुळें.

आपल्या देशासही हा प्रश्न पूर्वीं पडलेला आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें १९५५ सालीं इंग्लंडहून तयार संगणक आणविला; तो भारतांतला पहिला. त्याच सुमारास मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तरुण मंडळींनीं स्वतः रचावयास घेतला. त्यांचें लहान प्रायोगिक यंत्र १९५६ सालीं चाललें, मोठें १९६० सालीं कामास लागलें, आणि १९६२ सालीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें. कलकत्त्याचें काम लवकर सुरू झालें. मुंबईस उशीर लागला, पण येथें यंत्राबरोबर यंत्र जाणणारीं माणसेंही तयार झालीं. मात्र पुढें १९६४ सालीं त्याच मुंबईच्या संस्थेनें मोठ्या गणितासाठीं अमेरिकेचा सीडीसी ३६०० तयारच आणला, हेंही विसरूं नये. ज्यास रचतां येतें त्यास विकत घेण्याची लाज नसते. तो गरज पाहून ठरवितो. गाडींत आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हां पिता-पुत्र दोघांनींही आपापल्या बाजूचा अर्थ काढला!

तीन दुकानांतून आम्हीं भावाचे कागद घेतले. त्या निमित्तानें जें शिकलों तें वाचकांस सांगतों. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची बैठक जुळली पाहिजे. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या खांचेंत बसत नाहीं. ही बैठक किती वर्षें चालेल तें आधीं विचारावें. एएमडीच्या एएम-४ बैठकीवर पहिले प्रोसेसर २०१६ सालीं आले आणि २०२२ सालींही नवे निघाले. ज्यांनीं तो बोर्ड सांभाळला त्यांस केवळ प्रोसेसर बदलून यंत्र ताजें करतां आलें. स्मृतिपट्टीचे डीडीआर-४ व डीडीआर-५ हे प्रकार दिसावयास सारखे, पण मधली खांच वेगळी. एक दुसऱ्याच्या जागीं जात नाहीं. वीजपुरवठ्याच्या डब्यांत काटकसर करूं नये, कारण तो गेला तर कधीं कधीं शेजाऱ्यांस घेऊन जातो. बाहेरची पेटी मात्र साधी चालते; हवा खेळती असावी आणि धुळीची जाळी काढून धुतां यावी, एवढें पुरे. दिव्यांची रोषणाई ही हौसेची बाब.

स्वस्ताईचा मुद्दा पूर्वीइतका सरळ राहिलेला नाहीं. २०२५ सालाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांकडे स्मृतीचा माल वळला आणि स्मृतिपट्ट्यांचे भाव एकदम चढले. त्यामुळें "जुळविलेलें तें स्वस्त" हें जुनें सूत्र कागदावर आंकडे मांडल्यावांचून धरूं नये. शिवाय तयार यंत्रांत विंडोजचा परवाना बहुधा धरलेला असतो. एका दुकानांतील मुलानें सहज विचारलें, "विंडोज टाकून देऊं का? पैसे नाहीं पडणार." बंधु तात्काळ म्हणाले, "परवान्याचे पैसे भावांत धर. चोरीच्या पुस्तकावर मुलानें शिकावें अशी आमची इच्छा नाहीं." परवाना धरल्यावर दोन्ही बाजूंतला फरक थोडक्या हजारांवर आला. परंतु तेवढ्याच किंमतीच्या तयार यंत्रांत चित्रें रंगविणारें ग्राफिक्स कार्ड दुबळें होतें, स्मृति निम्मी होती, आणि वीजपुरवठ्याचा डबा कोणत्या बनावटीचा हें पत्रकावर लिहिलेलेंच नव्हतें.

हमीविषयीं बंधूंनीं कसून चौकशी केली. तयार यंत्रास बहुधा एक वर्षाची हमी असते आणि कंपनीचा माणूस घरीं येतो. सुट्या भागांची हमी पुष्कळदां अधिक वर्षांची असते, पण ती ज्या त्या कंपनीची निरनिराळी. बिघडलेला भाग कोणता हें ओळखून तो आपणच सेवाकेंद्रांत पोंचवावा लागतो. म्हणून पक्कें बिल घ्यावें, त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहवून घ्यावा आणि पेटीची मोहोर आपल्या डोळ्यांदेखत फोडवावी. बिलाविना चार पैसे वांचतात, पण त्याबरोबर हमीही जाते.

येथवर पुतण्याची बाजू वर होती. तेवढ्यांत वहिनी, ज्या आतांपर्यंत स्वस्थ ऐकत होत्या, त्यांनीं विचारलें, "भावोजी, हा तीन वर्षांनीं शिक्षण संपवून परगांवीं जाणार. मग एखाद्या रात्रीं यंत्र बंद पडलें तर कोणता भाग गेला हें सांगणार कोण? माझे घरच्या जमाखर्चाचे कागद त्यांत, ह्यांचें पत्रव्यवहाराचें काम त्यांत." दुकानदार शेठ अनुभवी होते. ते म्हणाले, "बाई, खरें सांगतों. जोडणारा घरांत राहणार नसेल तर तयार घ्या. माझें नुकसान झालें तरी चालेल." पुतण्या निरुत्तर झाला. यंत्राच्या किंमतीचा हिशेब आम्हीं सर्वांनीं केला होता. तें जाणणाऱ्या माणसाचा हिशेब केवळ वहिनींनीं केला.

थोड्या वेळानें पुतण्याच म्हणाला, "काका, मी एकट्यानें जोडलें तर आई म्हणते तें खरें आहे. पण धाकटीला बरोबर घेऊन जोडलें तर?" धाकटी म्हणजे आमची कन्या, दहावींत शिकणारी. वहिनींनीं अट घातली : प्रत्येक भाग तिच्या हातानें बसला पाहिजे, आणि कोणता भाग कोठें, हमी केव्हांपर्यंत, केंद्र कोठें, हें सारें एका वहींत मराठींत लिहिलें गेलें पाहिजे. बंधूंनीं मान हलविली. भाग घेतले, आणि संध्याकाळच्या गाडीनें त्या पेट्या मांडीवर जपत आम्ही पुण्यास आलों.

दुसऱ्या दिवशीं माजघरांतल्या मेजावर जोडणी झाली. अंगांतील विजेचा भार निघून जावा म्हणून आधीं धातूस हात लावणें, प्रोसेसरचा त्रिकोण बैठकीच्या त्रिकोणाशीं जुळविणें, स्मृतिपट्टी टच असा आवाज होईपर्यंत दाबणें, उष्णतावाहक लेप वाटाण्याएवढाच घालणें, हें सर्व मुलीनें केलें आणि पुतण्यानें केवळ सांगितलें. प्रथम कळ दाबली तेव्हां पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. बंधूंनीं चष्मा काढून आमच्याकडे पाहिलें. पुतण्या शांत होता : नव्या डीडीआर-५ स्मृतीची ओळख करून घेण्यास बोर्ड पहिल्या वेळीं कांहीं मिनिटें लावतो, हें त्यास ठाऊक होतें. मुलीनें ही गोष्ट वहींत लिहिली, आणि तिचें वाक्य पुरें होतें न होतें तोंच पडदा उजळला.

वाचकांपैकीं ज्यांस असा निर्णय करावयाचा असेल त्यांस आमचें सांगणें एवढेंच. पत्रव्यवहार, हिशेब, नातवंडांशीं दूरदर्शन-भेट इतकेंच काम असेल, आणि घरांत हात घालणारें कोणी नसेल, तर घरीं येऊन दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचें लहानसें तयार यंत्र घ्यावें. फक्त त्याचे भाग सर्वसाधारण मापाचे आहेत ना, तें विचारावें. काम जड असेल, वर्षावर्षांनीं भर घालावयाची असेल आणि शिकण्यास उत्सुक असें एक नव्हे तर दोन माणसें घरांत असतील, तर जुळवावें. घरांत ज्ञान एकाच्याच डोक्यांत राहिलें कीं तो परगांवीं जातांच घर परावलंबी होतें. ही गोष्ट यंत्राइतकीच स्वयंपाकास, वैद्यकास आणि जमाखर्चासही लागू आहे. आणि लॅमिंग्टन रोडवर जाणें झालें तर चार पैसे कमी करून घेण्यापूर्वीं दुकानदारास, "तुम्ही आमच्या जागीं असतां तर काय घेतलें असतें?" असें एकदां अवश्य विचारावें. तेथील अनुभवी माणसें या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां प्रामाणिकपणें देतात.