आधी चार ओळी लिहून दाखव

पुणे, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

'आत्या, नोटीस संपली, श्रीवर्धनला आलोय, आता रिमोटच करणार. कुठल्या साइटवर बघू?' एवढं बोललास आणि आजीनं हाक मारली म्हणून फोन ठेवून मोकळा झालास. हातात दुसरं काही नसताना राजीनामा? हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळलेली माणसं घर बदलतात रे, नोकरी सोडून समुद्रावर जात नाहीत. पण दिलास ना, झालं.

साइटचं आधी उरकते. हॅकर न्यूजवर दर महिन्याच्या सुरुवातीला 'हू इज हायरिंग' निघतं, त्यात 'रिमोट' शब्द शोध. वी वर्क रिमोटली बघ. लिंक्डइन आहेच. पण 'रिमोट' वाचून हुरळू नकोस, पुढच्या कंसात काय आहे ते वाच. बहुतेक वेळा तिथे अमेरिकेत राहणारेच हवे असं लिहिलेलं असतं, किंवा युरोपच्या आसपासचा टाइमझोन मागितलेला असतो. तुला युरोपच बरा. बर्लिनचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा नाहीतर साडेसात. म्हणजे आजी निजायच्या वेळी तू ओटीवर बसून इंग्रजीत मोठमोठ्यानं बोलणार. तिचं वय काय, तिची झोप काय, जरा विचार कर.

आता मूळ मुद्दा, जो तू विचारलाच नाहीस. तू पाठवलेली गिटहबची लिंक उघडली. कोड नेटका आहे, त्यात प्रश्न नाही. पण कमिट मेसेज काय लिहिलेत? 'फिक्स', 'फिक्स टू', 'फायनल', 'फायनल रिअली'. अरे, ज्या माणसानं तुला कधी पाहिलं नाही, ज्याच्या शेजारी बसून तू चहा पिणार नाहीस, त्याला 'फायनल रिअली' वाचून काय कळणार? शीतलच्या ऑनलाइन योगवर्गासाठी तू रिमाइंडरचं काम केलंस, न्यूजर्सीच्या बायकांना सूचना तासभर उशिरा जायची ती चूक शोधलीस. किती छान पकडलीस! आणि त्यावर लिहिलंस काय, तर 'टाइम इश्यू फिक्स्ड'. त्या जागी असं लिहून बघ, इंग्रजीत, पण इतकंच साधं:

'मार्चमध्ये अमेरिकेत घड्याळं पुढे गेल्यावर सकाळी नऊचं रिमाइंडर दहाला जात होतं. वेळ भारतीय वेळेत कायमची साठवली होती. नुसती यूटीसीत साठवूनही भागत नाही, कारण वर्ग दर आठवड्याला तिथल्या नऊलाच असतो. म्हणून तिथली वेळ आणि टाइमझोनचं नाव दोन्ही साठवलं. जुन्या नोंदी बदललेल्या नाहीत, त्या हाताने बदलाव्या लागतील.'

शेवटचं वाक्य बघितलंस? जे केलं नाही तेही सांगितलं. नोकरी देणारा ते वाक्य वाचून थांबतो.

हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. तुझे आजोबा, आमचे अप्पा, मुंबईत फोर्टात नोकरीला, आई श्रीवर्धनला, घर आणि वाडी दोन्ही पोस्टावर चालायची. अप्पांची पत्रं अजून माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतील, आता तिथेच आहेस तर काढून वाच. 'रोठा सोलून झाला की वजन आपल्यासमोर करून घेणे. पैसे वेळेत आल्यास आधी कौले पाहणे, मुलांची फी जूनपर्यंत थांबेल. पैसे न आल्यास वाण्याशी माझे बोलणे झाले आहे. पाऊस आधी लागला तर माझ्या पत्राची वाट पाहू नये.' एका पोस्टकार्डात! पैसे आले तर काय, नाही आले तर काय, आणि कुठल्या बाबतीत आईनं स्वतःच ठरवायचं. उलटटपाली प्रश्न यायला जागाच ठेवायचे नाहीत, कारण प्रश्न आला की आठवडा गेला. तुमची ती वेगवेगळ्या टाइमझोनची टीम याहून वेगळी काय असते? आणि तुम्ही त्याच घरातली पोरं, तुमचे मेसेज म्हणजे 'हाय' आणि मग दहा मिनिटं शांतता. मला तर वाटतं, शाळेत पत्रलेखन मार्कांपुरतं करून ठेवलं तिथेच घात झाला. बापू, बंड्या, तुझी ताई, एकाला म्हणून सलग परिच्छेद लिहिता येत नाही. असो, भरकटले.

हा म्हातारीचा हट्ट वाटत असेल तर कंपन्यांकडेच बघ. वर्डप्रेस डॉट कॉमवाली ऑटोमॅटिक, २००५ साली निघालेली, जगभर विखुरलेली. त्यांनी कित्येक वर्षं मुलाखती चॅटवर लिहून घेतल्या, आणि मग पैसे देऊन चाचणीचं काम दिलं. गिटलॅबची कामाची सगळी रीत त्यांच्या हँडबुकात आहे आणि ते कुणालाही वाचता येतं. दोन संध्याकाळी त्यात घाल. शंभर ठिकाणी बायोडेटा फेकण्यापेक्षा सहा ठिकाणी, त्यांचं प्रॉडक्ट स्वतः वापरून, नेमकं काय खटकलं ते लिहून पाठव.

पण एक लक्षात ठेव, आणि हे थट्टेवारी नेऊ नकोस. लिंक्डइनवर गोड बोलणारा रिक्रूटर येतो, 'छोटी कोडिंग टेस्ट' म्हणून रेपो देतो, तू एनपीएम इन्स्टॉल करतोस आणि तेवढ्यानंच आतली स्क्रिप्ट चालून पासवर्ड चोरीला जातात. असे प्रकार सर्रास चालू आहेत. अनोळखी माणसाचा कोड रोजच्या लॅपटॉपवर चालवायचा नाही. लॅपटॉपचं डिपॉझिट, रजिस्ट्रेशन फी, टेलिग्रामवरची 'टास्क' यांतलं काही निघालं की बोलणं तिथेच बंद.

काम मिळालंच तर ते कॉन्ट्रॅक्टर म्हणून की नोकर म्हणून, हे आधी विचार. 'डील' किंवा 'रिमोट' नावाच्या कंपन्यांसारख्या कुणामार्फत इथला कर्मचारी म्हणून घेतलं तर पीएफ वगैरे मिळतं. कॉन्ट्रॅक्टर असशील तर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, उद्यापासून येऊ नको म्हणाले तरी बोलायची सोय नाही. वर्षाची बिलं २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. परदेशचं काम निर्यात धरून कर शून्य होतो, पण त्यासाठी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यावं लागतं. सीएला विचार, मित्राला नको. आणि जुन्या पीएफला हात लावू नकोस, पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढलास तर त्यावर कर बसतो.

विजेचं काय करणार आहेस? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिथेच येऊन आदळलं, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, वीज किती दिवस नव्हती ते तुझ्या आजीला विचार. इन्व्हर्टरवर पंखा आणि फ्रिज असेल, राउटर जोडलाय का? फायबरशिवाय दुसऱ्या कंपनीचं सिमही हवं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे ना? दवाखान्याचा विमा नोकरीबरोबर गेला, नवा घेतलास का? आजीच्या औषधांना हात लावायची वेळ येऊ देऊ नकोस.

गुरुवारपर्यंत एक अर्ज लिहून मला पाठव, फोन करू नकोस. आणि दादाला तू राजीनाम्याचं अजून सांगितलेलं नाहीस, असा मला दाट संशय आहे. 'सुट्टीवर गेलाय' असं तो परवा म्हणत होता. मी गप्प बसले. पुन्हा विचारलं तर बसणार नाही.

तुझी,
आत्या