दरवाजा कोणत्या तोंडाचा

लग्नाच्या फोटोंचं बोलायला जोडपं आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कोणत्या गेटवर करायचं?" मी विचारतो, लग्न कोणत्या महिन्यात आहे? मुलगा मुलीकडे बघतो, मुलगी मोबाइलमध्ये साठवून ठेवलेले दुसऱ्यांचे फोटो दाखवते. तो फोटो डिसेंबरातला असतो आणि यांचं लग्न २० मेच्या आसपास.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादला, बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. मोजायला निघालात तर तेवढे सापडणार नाहीत. मराठ्यांच्या धाकाने औरंगजेबाने १६८२ मध्ये शहराभोवती तट बांधून घेतला. तट बहुतेक गेला, दरवाजे मागे राहिले, आणि आज त्याच दरवाजांपुढे फेटा बांधलेले नवरदेव ऐटीत उभे राहतात. मुख्य दरवाजे चार दिशांना होते. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मकाई आणि पूर्वेला जालना. जालना दरवाजा आता राहिला नाही. बाकीच्या तिघांनी फोटोग्राफरवर मोठे उपकार केले आहेत, कारण कोणता दरवाजा कुठे तोंड करून आहे हे पक्कं माहीत असतं. जागा निवडायची म्हणजे खरं तर ऊन कोणत्या बाजूने येणार ते निवडायचं. बाकी सगळं नंतर.

दिल्ली दरवाजाची बाहेरची बाजू उत्तरेकडे आहे. तुळशीचं लग्न झाल्यापासून माघापर्यंत तिच्यावर ऊन जवळजवळ येतच नाही. नवख्या पोरांना वाटतं, सावलीत काय फोटो काढायचे? मला मात्र नवरीसाठी शहरात याहून चांगला उजेड माहीत नाही. वर मोकळं आभाळ, समोरून पसरलेला मऊ प्रकाश. नथीचा मोती न् मोती दिसतो, डोळे मिचकावावे लागत नाहीत. कडक उन्हात मुंडावळ्यांची सावली गालावर पट्ट्यांसारखी पडते आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. लोक या दरवाजाला मात्र खेटून उभे राहतात आणि कमान पूर्ण यावी म्हणून मोबाइलची रुंद लेन्स लावतात. मग दरवाजा मागे कलल्यासारखा दिसतो आणि कडेला उभी असलेली करवली दुप्पट जाड. मागे सरका, लांब लेन्स लावा, जोडप्याला दरवाजापासून चांगलं पुढे आणा. कमान आपोआप मोठी होते.

मकाईचं गणित वेगळं. दरवाजाला लागूनच खाम नदीवरचा पूल आहे. संध्याकाळचं ऊन बाहेरच्या बाजूवर सोन्यासारखं पडतं खरं, पण त्याच वेळी अर्धं शहर घरी निघालेलं असतं. म्हणून मी तिथे सकाळी जातो आणि पुलाकडून आत बघतो. सूर्य पलीकडच्या घरांवर चढला की उजेड कमानीतून बाहेर येतो, आणि जोडप्याच्या खांद्यांना, पदराच्या काठाला चकाकती कड लागते. चेहऱ्यासाठी एक साधा पांढरा रिफ्लेक्टर पुरतो. पैठण दरवाजाभोवती बाजार आहे. त्याच्यावर हिवाळ्यात दिवसभर ऊन असतं, पण फोटोत दुकानांच्या पाट्याच जास्त येतात. मी तो सहसा सोडतो.

सगळ्यात भारदस्त भडकल दरवाजा. तो या तटाच्याही आधीचा, १६१२ चा. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने उभारलेला. त्याच्या आत उभं राहून वर बघितलं की उंची कळते. जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्यामुळे १४ एप्रिलच्या आसपास तिथे जायचं ते अभिवादनाला, शूटला नाही.

दगडाबद्दल एक सांगून ठेवतो. आमचे दरवाजे काळ्या बेसाल्टचे. एवढा काळा रंग दिसला की कॅमेरा घाबरतो आणि चित्र उजळवतो. दगड करडा होतो, नवरीचा चेहरा जळतो. तिथे उजेड एक स्टॉप खाली घ्यायचा. मकबऱ्यावर नेमकं उलटं. पांढऱ्यापुढे कॅमेरा चित्र अंधारतो, म्हणून तिथे वर चढवायचा.

मकबऱ्याचा विषय निघालाच आहे. बीबी का मकबरा तटाच्या बाहेर, उत्तरेला. पण शहरातला एकही अल्बम त्याच्याशिवाय पुरा होत नाही. ताजमहालाचा शिल्पी उस्ताद अहमद लाहोरी, त्याचा मुलगा अताउल्ला याने तो रचला. घुमट संगमरवराचा आणि खालचा पट्टाही संगमरवराचा, मधला बराच भाग मात्र दगडावर चुन्याचा गिलावा. डोळ्याला हा फरक चटकन कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. संगमरवर थंड पांढरा येतो, गिलावा पिवळसर, त्यावर पावसाचे ओघळ. सगळं एकसारखं शुभ्र करून द्या असं सांगणारे भेटतात. मी करून देत नाही.

मकबऱ्याचं तोंड दक्षिणेकडे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दर्शनी भाग उजळतो. अल्बममधले सुंदर फोटो असतात ते त्या दिवसांतले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दिवसभर उत्तरेच्याच बाजूला राहतो. म्हणजे या काळात मकबऱ्याच्या समोरच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. पोरं भर मेमध्ये पहाटे उठून, दागिने चढवून, घामाघूम होऊन येतात आणि घुमट मागून उजळलेला, पुढून करडा. अशा वेळी मी त्यांना बाजूच्या कमानींत नेतो, जिथे पांढरी भिंतच रिफ्लेक्टरचं काम करते, आणि मोठ्या दृश्याचा नाद सोडायला लावतो.

आणखी एक गोष्ट. ही कबर आहे. दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये बाळंतपणानंतर वारली, तिची. एका घरी शूटचं ठरत असताना कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, "अरे लेकरा, लग्नाआधी पोरीला कबरीपुढं कशाला उभं करायलास?" सगळे हसले. मी नाही हसलो. मकबऱ्यावर जाऊ नये असं माझं म्हणणं नाही, पण तिथे नवरीला उचलून गोल फिरवायचं, फिल्मी नाच करायचा, हे मला बघवत नाही. पाणचक्कीचंही तसंच. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून फकिरांसाठी दळण दळणारी ती जागा, बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा तिथेच. डोकं झाकून, हळू बोलत दोन-चार फोटो घ्यावेत आणि निघावं.

मला विचाराल तर या शहरातलं सगळ्यात चांगलं शूट बस्त्याच्या दिवशी होतं. गुलमंडीला गादीवर शालूंचा ढीग पडलेला, मामी भाव करतेय, नवरी आरशात पदर लावून बघतेय, नवरदेव कंटाळून दाराशी. मग सराफ्यात मंगळसूत्राची वाटी निवडणं, परतताना राजाबाजारात संस्थान गणपतीचं दर्शन. त्या अरुंद गल्ल्यांत ऊन तुकड्यातुकड्यांनी उतरतं. कुणालाही उभं राहा, हसा, म्हणावं लागत नाही. पैसे कमी मिळतात, कारण याला कुणी प्री-वेडिंग म्हणत नाही.

तेव्हा लग्न हिवाळ्यातलं असेल तर मकबरा आणि दिल्ली दरवाजा निवडा. मे-जूनमधलं असेल तर मकाईची सकाळ आणि गुलमंडीच्या गल्ल्या. मकबऱ्यावर ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. दरवाजांपाशी सकाळी सातच्या आत या, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रस्ता मोकळा ठेवा. आणि कृपा करून रंगीत धुराच्या नळकांड्या आणू नका. चुन्याच्या गिलाव्यावर बसलेला रंग धुऊन जात नाही.