मुंबई एका तासावर. पण कुठल्या तासावर?

चिपी विमानतळाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मुंबई आता एका तासावर आली." ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा बातमीत हे वाक्य मीही लिहिलं होतं. आज त्याचा हिशेब मांडतो.

नकाशावर सरळ रेघ मारली तर मुंबई ते चिपी साधारण ३५० किलोमीटर. सत्तर सीटचं एटीआर विमान ताशी ५०० च्या आसपास जातं. म्हणजे पाऊण तास पुरायला हवा. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास. यात लबाडी काही नाही. विमान रेघेवरून उडत नाही, ठरलेल्या मार्गानेच जातं. उड्डाणासाठी रांगेत थांबतं. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते.

इथवर ठीक. खरा हिशेब मला माझ्या आत्येने शिकवला.

विमान सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. आत्या कुडाळजवळ गावी गेली, दुपारी अडीचला. मुलगा डोंबिवलीत. शेजारचे आजोबा म्हणाले, "विमान आसा मां? मगे उशीर कित्याक?" पण तेव्हा विमान दिवसाला एकच, दुपारचं. त्या दिवसाचं कधीच निघून गेलेलं. दुसऱ्या दिवसाचं पकडून, चिपीहून गाडीने घरी पोचायला पुन्हा दुपारचे अडीच वाजले असते. म्हणजे चोवीस तास. भावाने रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडली, जनरलच्या डब्यात, उभ्याने. सकाळी नऊला तो दारात होता. आत्येला आम्ही बर्फावर ठेवलं होतं.

एका तासाचं विमान रेल्वेपेक्षा साडेपाच तास मागे पडलं. कोणाची चूक नव्हती. पण प्रवासाचा वेळ म्हणजे फक्त हवेतला वेळ नव्हे, पुढच्या विमानाची वाट बघण्याचा वेळही त्यातच धरायचा, हे त्या रात्री कळलं.

पुढे मुंबईची सेवा मध्यंतरी बंदही पडली. उडान योजनेत तोटा भरून काढण्यासाठी मिळणारी मदत साधारण तीन वर्षांचीच असते. त्यानंतर प्रवासी परवडतात की नाही, ते कंपनी बघते. त्यात जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झालं. सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला ते जवळ, आणि तिथे दिवसभर विमानं. तो चिपीला कशाला जाईल?

मी विमानतळाच्या विरोधात नाही. अडीच हजार मीटरची धावपट्टी आपल्या जमिनीवर आहे, ती वापरली गेलीच पाहिजे. पण पुढच्या सभेत कोणी "एक तास" म्हणालं की टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. दिवसातून किती वेळा? किती वाजता? आणि अनुदान संपल्यावर काय?

आणि हो, रात्रीच्या गाडीला जनरलचे डबे वाढवा, हेही त्याच सभेत मागा. अडीअडचणीला आपला गरीब माणूस अजून त्यातूनच येतो.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली असेल तर खाली लिहा. घरातून निघाल्यापासून दारात पोचेपर्यंत किती तास लागले, तेवढं नक्की सांगा.