गाडीचं पाणी, ड्रायव्हरचं पाणी

आमच्या घरी १९७२ सालची अम्बॅसेडर मार्क टू आहे. अब्बांनी ती जुनी विकत घेतली आणि अनेक वर्षं जळगावहून अजिंठा-औरंगाबाद अशी भाड्याने चालवली. धंदा बंद झाल्यावर ती घरचीच झाली. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली आणि धंद्याला न वापरली जाणारी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मग ती रोजच्या कामाला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कारणांनीच बाहेर न्यायची. म्हणजे या गाडीचा उन्हाशी संबंध आता वर्षातून दोन-चार दिवसांचा. तरी एप्रिल उजाडला की जुन्या गाड्या बाळगणारी पोरं मला विचारू लागतात, ‘भाई, गाडी लई गरम होते, काय करू?’

आधी हे समजून घ्या की ती गरम होणारच. अशा जुन्या इंजिनात पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव हिस्सा चाकं फिरवायला लागतो. उरलेली सगळी उष्णता सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून बाहेर पडते. आजच्या गाड्यांत विजेचा पंखा असतो, तो गरज पडली की आपोआप सुरू होतो. अम्बॅसेडरचा पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही हळू. म्हणून मोकळ्या रस्त्यावर शहाण्यासारखी वागणारी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की तापते. अशा वेळी न्यूट्रलमध्ये टाकून ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवावा. पंखा आणि वॉटर पंप दोन्ही जरा जोरात फिरतात.

बाकी काम उन्हाळ्याच्या आधी करायचं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच भरलं की रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो आणि पाणी असूनही उष्णता बाहेर जात नाही. रेडिएटर उतरवून, टाकी उघडून, नळ्या सळईने साफ करून देणारे कारागीर अजून आहेत; त्यांच्याकडे एकदा न्या. नंतर कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणीच भरा. झाकणाचं रबर तपासा. पाणी दाबाखाली असलं की ते शंभर अंशांच्या वर उकळतं, तो दाब झाकणामुळेच टिकतो. होज पाइप बोटांनी दाबून पाहा, फुगलेला किंवा चिरलेला असेल तर बदला. पंख्याचा पट्टा ढिला नको. थर्मोस्टॅट काढून फेकून देणारे मिस्त्री भेटतील. त्यांचं ऐकू नका. तो काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाका. साधारण ऐंशी अंशांच्या पुढे उघडत असेल तर तो ठीक आहे. टायमिंग मागे पडलं असेल तरीही इंजिन तापतं, तेही एकदा बघून घ्या.

आणि गाडी उकळलीच, तर सावलीत लावा, बोनेट उघडा आणि थांबा. अर्धा तास तरी झाकणाला हात लावायचा नाही. उकळत्या पाण्याने हात-तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

कधी काटा ठीक असतो आणि गाडी तरीही आचके देऊन बंद पडते. तेव्हा पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. फ्युएल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवायचं, पाच-दहा मिनिटांनी गाडी चालू होते. अब्बांच्या सीटखाली असं एक फडकं कायम असे.

हे सगळं सांगून झालं की मी त्या पोरांना विचारतो, ‘आणि तुझं काय?’ तेव्हा बहुतेक जण हसतात.

इंजिनाच्या मागे एक पत्रा आणि त्याच्या मागे ड्रायव्हरचे पाय. एसी नाही. जुन्या लोकांची भिस्त दाराच्या तिकोनी काचेवर होती; ती उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो. पण बाहेर ४४ अंश असताना तो वाराही अंग तापवतोच. हवा अंगाहून गरम झाली की घाम सुकल्यानेच काय तो गारवा मिळतो. बंपरला लटकवलेली कॅनव्हासची छागल याच नियमाने पाणी थंड ठेवायची. मानेवरचा ओला रुमालही तेच करतो. जळगावच्या कोरड्या हवेत हे चालतं, मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, तिथे सावली आणि थांबणं हाच उपाय. पण छागल असो की माणूस, आत पाणी नसेल तर गारवा कुठून येणार?

ज्या जुन्या गाड्यांत हीटर असतो, त्यांच्यासाठी एक नुस्खा सांगतात. इंजिन तापू लागलं की हीटर पूर्ण सुरू करा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये आणून सोडतो. इंजिन वाचतं, ती उष्णता ड्रायव्हर सोसतो. आमच्या गाडीला हीटर नव्हता, तरी अब्बांचा हिशोब तोच होता. अजिंठ्याच्या घाटाआधी फर्दापूरला थांबून ते रेडिएटर बघायचे, बोनेट उघडं ठेवायचे, प्रवाशांना सावलीत बसवायचे. स्वतः पाणी प्यायचे नाहीत. प्यायलं की वाटेत गाडी थांबवावी लागते आणि भाडं कुरकुरतं.

१९८५-८६ला रमजान मे महिन्यात आला होता. प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे, हे त्यांना माहीत होतं. अम्मी आठवण करून द्यायची. ते म्हणायचे, ‘रोजचाच रस्ता, हा कसला प्रवास?’ पण रमजान महिन्याचा होता, त्यांचं कमी पाणी पिणं बारमाही होतं. पुढे मूतखडा झाला, एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘चाचा, दिवसाला पाणी किती पिता?’ अब्बा म्हणाले, ‘साहेब, गाडीला उन्हाळ्यात किती लागतं ते सांगतो. माझं कधी मोजलं नाही.’ खोलीतले सगळे हसले, अम्मी सोडून. एक किडनी शेवटपर्यंत धड झाली नाही.

त्यांच्या पिढीच्या ड्रायव्हरांत हे दुखणं घरोघरी होतं. गाडी बंद पडली तर दिवसाची कमाई बुडायची. शरीर मात्र उधारीवर चालायचं.

आता आमची गाडी रॅलीला निघते तेव्हा डिकीत दोन कॅन असतात. एक गाडीचा, एक ड्रायव्हरचा. निघायची वेळ सकाळी सहाची, अकराच्या आत मुक्काम. वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागलेली नसली तरी. सोबत मीठ-साखरेचं पाणी किंवा पन्हं. डोकं ठणकू लागलं, मळमळलं, बोलणं अडखळलं किंवा घाम यायचा बंद झाला तर गाडी तिथेच उभी करायची, माणसाला सावलीत न्यायचं, अंगावर पाणी मारायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. रॅलीचं काय व्हायचं ते होवो.

माझा पुतण्या हल्ली गाडी चालवतो. फर्दापूरला थांबला की बोनेट उघडण्याआधी त्याने आपल्या कॅनमधलं पाणी प्यायचं, हा घरचा नियम आहे. तो कुरकुरतो, पण पितो.