पैसे बाहेर कसे येतात ते आधी बघ

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

देऊळगाव राजा,
८ फेब्रुवारी २०२६

चि. बाळास,

तुझ्या खोलीतल्या मित्राच्या मोबाइलवरची ती जाहिरात आणि तिच्याखालच्या बारीक अक्षरांतल्या अटी मिळाल्या. २० पौंड भरा, २० पौंड आमच्याकडून घ्या. यात फसण्यासारखं काय आहे, असं तू विचारलंयस. ब्रिटनमध्ये १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला परवानाधारक कंपनीकडे मोबाइलवर जुगार खेळायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे हा प्रश्न गुन्ह्याचा नसून हिशोबाचा आहे. नोकरीची सगळी वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर काढलेल्या बाईला तो विचारलास, ते बरं केलंस. उत्तर फोनवर न देता लिहून पाठवते आहे. आकडे कागदावर असले की पुन्हा बघता येतात, आणि मित्रालाही दाखवता येतात.

आधी तो बोनस. कंपनीचे म्हणून जे २० पौंड खात्यात दिसतात, ते काढता येत नाहीत. त्यांच्या काही पट रकमेच्या पैजा लावून झाल्या की मगच ते खेळणाऱ्याचे होतात. तिकडे याला वेजरिंग म्हणतात. अगदी आत्तापर्यंत ३५ पट, ४० पट अशा अटी सर्रास असत. २० पौंडांची ३५ पट म्हणजे ७०० पौंडांच्या पैजा. शंभरामागे सरासरी ९५ परत देणारा स्लॉटचा खेळ धरला, तर ७०० पौंडांवर सरासरी तोटा येतो ३५ पौंडांचा. वीस मिळवायला पस्तीस घालवायचे, असा हा सौदा. काही ठिकाणी तर भरलेले २० आणि बोनसचे २० अशा चाळीसची पट धरत. मग पैजा १४०० पौंडांच्या आणि सरासरी तोटा ७० पौंडांचा.

ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशननं १९ जानेवारी २०२६ पासून ही पट दहावर आणून ठेवली आहे. बोनसच्या दहापटीपेक्षा जास्त पैजांची अट परवानाधारक कंपनीला घालताच येत नाही. वरच्याच उदाहरणात आता २०० पौंडांच्या पैजा लागतील, सरासरी तोटा १० पौंड, आणि बोनसमधले १० पौंड उरतील. फुटबॉलवर पैज लाव म्हणजे स्लॉटच्या फुकट फेऱ्या देतो, अशी एका खेळातून दुसऱ्यात ओढणारी आमिषंही त्याच दिवसापासून बंद झाली. मित्रानं पाठवलेल्या अटींत ४० पट लिहिलेलं आहे. म्हणजे तो कागद जुना आहे, नाहीतर ती कंपनी तिथल्या कायद्यात बसणारी नाही. याबद्दल पुढे लिहिलं आहेच.

मात्र ही सरासरी म्हणजे पगार नव्हे. शंभर जणांचा मिळून हिशोब तसा येतो. त्यातल्या बऱ्याच जणांचे चाळीसच्या चाळीस पौंड पैजा पूर्ण व्हायच्या आतच संपलेले असतात, आणि थोड्यांच्या हाती बरंच लागतं. जाहिरातीत चेहरा त्या थोड्यांचा असतो.

पट कमी झाली तरी बाकीच्या अटी आहेतच. रूलेट किंवा ब्लॅकजॅकच्या पैजा कधी कधी मोजतच नाहीत. बोनस चालू असताना एका वेळी ठरावीक रकमेपेक्षा मोठी पैज लावली तर जिंकलेलं रद्द. इतक्या दिवसांत पैजा पूर्ण झाल्या नाहीत तर बोनस गेला. फुकट फेऱ्यांत कितीही जिंकलं तरी अमुक पौंडांच्या वर मिळणार नाही. आणि स्क्रिल किंवा नेटेलर या ई-वॉलेटमधून पैसे भरले तर पुष्कळ कंपन्या बोनस देतच नाहीत. ही शेवटची अट मित्रानं वाचलेली दिसत नाही, कारण पैसे भरलेत स्क्रिलमधून आणि वाट बघतोय बोनसची.

आपल्याकडच्या शेडनेटमध्ये बियाणं पिकवणाऱ्यांना अडकलेला पैसा चांगला कळतो. मिरचीचं नाहीतर काकडीचं बियाणं कंपनीकडे पोचवलं, तरी उगवण आणि शुद्धतेचा निकाल येईपर्यंत हिशोब होत नाही. महिने जातात, उधारी वाढते. पण तिथे निदान बियाण्याची पारख होते. बियाणं चांगलं असलं तर निकाल शेतकऱ्याच्या बाजूनं लागायला जागा असते. वेजरिंगमध्ये पारख कशाचीच होत नाही. जितका वेळ खेळशील तितका कंपनीचा वाटा वाढतो, आणि अट हीच की जास्त वेळ खेळ.

याहून वाईट प्रकार तिथे होऊन गेलेला आहे. कित्येक ठिकाणी बोनस घेतला की खेळणाऱ्यानं स्वतः भरलेले पैसेसुद्धा पैजा पूर्ण होईपर्यंत अडकत. आपलाच पैसा, पण काढता येत नाही! ब्रिटनमधल्या स्पर्धा आणि बाजारपेठेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, सीएमएनं, याची चौकशी केली. २०१८च्या फेब्रुवारीत लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एंटरटेनमेंट या तीन कंपन्यांनी लेखी कबूल केलं की खेळणाऱ्याला त्याची स्वतःची रक्कम केव्हाही काढू देऊ. तेव्हापासून ठेव वेगळी आणि बोनस वेगळा, हे तिथलं मूळ सूत्र झालं. आमच्या काउंटरवर ठेवीदाराला त्याची ठेव परत मिळाली नसती, तर पतसंस्थेला दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं असतं. या धंद्यात ते मान्य करून घ्यायला सरकारी चौकशी लागली.

बारीक अक्षरांचं काय होतं, याचा एक निकालही सांगण्यासारखा आहे. २०१८च्या जानेवारीत लिंकनशरमधल्या एका गृहस्थानं बेटफ्रेडच्या ब्लॅकजॅकच्या खेळात १७ लाख पौंड जिंकले. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होता आणि अटींप्रमाणे अशा वेळी आम्ही बांधील नाही, असं सांगून कंपनीनं पैसे नाकारले. गृहस्थ उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. ज्या अटींवर कंपनी विसंबली होती त्या धड स्पष्ट नाहीत आणि खेळणाऱ्याच्या नजरेस नीट आणून दिलेल्या नाहीत, म्हणून त्या लागू होत नाहीत, असं न्यायालयानं ठरवलं. पण तोवर तीन वर्षं गेली होती, आणि तेवढी वर्षं कोर्टात उभं राहणं प्रत्येकाला जमत नाही.

आता पैसे भरण्या-काढण्याचं. भरण्याचे रस्ते ढीगभर आहेत: डेबिट कार्ड, पेपल, ॲपल पे, थेट बँकेतून. क्रेडिट कार्डावर १४ एप्रिल २०२० पासून बंदी आहे, आणि क्रेडिट कार्डानं भरलेल्या ई-वॉलेटमधूनही जुगार खेळता येत नाही. उधारीनं खेळू नये, हा त्यामागचा हेतू. मोबाइलच्या बिलात पैसे चढवण्याची सोय मात्र आहे. दिवसाला साधारण ३० पौंडांची मर्यादा असते. फोनचं बिल महिन्याअखेर भरणाऱ्याच्या दृष्टीनं ती उधारीच झाली. त्यातही त्या वाटेनं पैसे फक्त आत जातात. काढायच्या वेळी बँकेचं खातं द्यावंच लागतं. जो रस्ता एकाच बाजूनं चालतो तो वापरूच नये, हे मित्राला स्पष्ट सांग.

काढण्याच्या बाजूला फार मोठी लबाडी चालत होती. खेळणाऱ्यानं पैसे मागितले की अर्ज एक-दोन दिवस तसाच ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर एक बटण द्यायचं: अर्ज रद्द करा आणि खेळत राहा. रात्री दोन वाजता ते बटण किती जणांनी दाबलं असेल, याची कल्पना कर. जिंकलेली रक्कम खिशात पोचायच्या आत परत टेबलावर. २०२१ मध्ये कमिशननं हे बटणच काढून टाकायला लावलं. सगळ्या सुधारणांमध्ये ही सर्वांत मोलाची वाटते, कारण माणसानं शुद्धीवर असताना घेतलेला निर्णय या नियमानं मोडू दिला नाही. त्याआधी मे २०१९ पासून ओळखपत्राची पडताळणी खेळ सुरू होण्याआधीच करणं बंधनकारक झालं होतं. पूर्वी पैसे भरताना कुणी काही विचारत नसे, आणि काढताना पासपोर्टपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं मागत.

तुमच्या वयासाठी आणखी एक नियम आहे. १८ ते २४ वयाच्या खेळणाऱ्याला ऑनलाइन स्लॉटवर एका फेरीला २ पौंडांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. २१ मे २०२५ पासून हे लागू आहे. त्याहून मोठ्यांना मर्यादा ५ पौंडांची. आणि महिन्याभरात १५० पौंडांहून जास्त निव्वळ भरणा झाला, तर हा माणूस आर्थिक अडचणीत तर नाही ना, हे कंपनीनं उपलब्ध नोंदींवरून तपासायचं असतं.

हे सगळं ज्या कंपन्यांकडे ब्रिटनचा परवाना आहे त्यांच्यापुरतं. ज्या क्युरासाओसारख्या ठिकाणचा परवाना दाखवतात, क्रेडिट कार्ड किंवा क्रिप्टो घेतात, आणि दोनशे-चारशे टक्के बोनस देऊ म्हणतात, त्यांना यातलं काही बांधत नाही. ब्रिटनचा परवाना नसताना तिथल्या लोकांना असा खेळ पुरवणं बेकायदा आहे, तरी त्या पुरवतात. ४० पटीची अट आजही छापणारी कंपनी यातलीच असण्याची शक्यता मोठी आहे. कमिशनच्या परवानाधारकांची यादी सगळ्यांना खुली असते. तिच्यात नाव शोधायला मित्राला मिनिटभरही लागणार नाही.

परवाना नसलेल्या ठिकाणी काय होतं ते आपल्या विदर्भानं जवळून पाहिलं आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियात एका संशयित बुकीच्या घरावर छापा टाकून कोट्यवधींची रोकड, सोनं आणि चांदी जप्त केली. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती की ऑनलाइन जुगारात आपले ५८ कोटी रुपये गेले. पोलिसांनी सांगितलेली हकिगत अशी: व्यापारी आधी तयार नव्हता, मग त्यानं हवालामार्फत ८ लाख दिले. व्हॉट्सॲपवर एक लिंक आली, खातं उघडलं, त्यात ८ लाख जमा दिसले. सुरुवातीला तो जवळपास ५ कोटी जिंकला आणि नंतर सतत हरत गेला. संशय येऊन पैसे परत मागितले तेव्हा नकार मिळाला.

खात्यात दिसलेले ते ८ लाख म्हणजे काय होते? पडद्यावरचा आकडा. ज्यानं लिंक दिली त्याच्याच हातात तो कमी-जास्त करणं होतं. ना बँक, ना पावती, ना दाद मागायला कुणी.

तशी बेकायदा जुगाराची, वरली मटक्याची चिठ्ठी आपल्या भागाला नवी नाही. पूर्वी न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव किती उघडला आणि किती बंद झाला यावर मुंबईत पैजा लागत. ते आकडे येणं थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं आणि १९६४ मध्ये रतन खत्रीनं आपापला मटका सुरू केला. दहा आकड्यांपैकी एक लागला तर रुपयाला नऊ, शंभरांतली जोडी लागली तर रुपयाला नव्वद. दर रुपयामागे दहा पैसे मटकेवाल्याचे, हे शाळेत न गेलेल्यालाही समजत असे. मटक्यानं घरं बुडवली, त्याची बाजू घेण्याचं कारण नाही. पण त्याच्यात बोनस नव्हता, त्यामुळे आपण किती हरतोय हे लपवायला जागा कमी होती.

आपल्याकडे मोबाइलवरच्या रमीनं ती जागा करून दिली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. १०० रुपये भरले की सुमारे २२ रुपये करात जायचे. तेवढ्याच रकमेचा बोनस देऊन अनेक कंपन्यांनी खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे १०० चा आकडा तसाच ठेवला. तो बोनस खेळता यायचा, काढता यायचा नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींच्या सहीनं पैशांच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा झाला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. दरवाजा बंद झाला, पण चोरवाटेच्या लिंका अजून फिरतात, आणि त्या लिंकांवर ना आपला कायदा चालतो ना ब्रिटनचा.

घरून येणाऱ्या पैशांबद्दल एवढंच. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या २०००च्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल्स, स्वीपस्टेक्स यांसाठी भारतातून पैसे पाठवायला मनाई आहे. दादा शिक्षणाचा खर्च म्हणून सही करून पैसे पाठवतो, आणि त्यामागे शेतावरचं कर्ज आहे. त्यातला एक पौंडही या वाटेला जाऊ नये.

मित्राची रक्कम अडकली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत तड लागली नाही, तर आयबीएएससारख्या मान्यताप्राप्त लवादाकडे फुकट जाता येतं. मात्र कंपनीला परवाना असेल तरच. आणि खेळ सुटत नसेल तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवायचं. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, तो निवडेल तेवढा काळ सगळ्या परवानाधारक साइटी त्याला बंद होतात. बँकेच्या ॲपमध्येही जुगाराचे व्यवहार अडवण्याची सोय असते, ती आजच चालू करायला सांग. बोलायला कुणी हवं असेल तर ०८०८ ८०२० १३३ हा मदतीचा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

तू मित्राचं म्हणून विचारलंस, तसंच समजून उत्तर लिहिलं आहे. यातलं काही तुझं स्वतःचं असेल, तर रक्कम किती ते मला सरळ कळव. वहिनीला कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. फीचा पुढचा हप्ता दादा उद्या बँकेत जाऊन पाठवणार आहे. जमा झाला की पावती विद्यापीठाकडून घे आणि मला पाठव.

तुझी,
आत्या